पहिलीच्या वर्गात वाचताना मुले हसतात तेव्हा

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यातील एका शाळेत पहिलीला शिकवते. वर्गातील एक मुलगी घरी पावरी ही आदिवासी बोली बोलते. ‘कमळ’ हा शब्द ती बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचते. पण उच्चार अडखळला की दोघेतिघे हसतात आणि ती पाटी दप्तरात ढकलून मान खाली घालते. हसणाऱ्यांना रागावले तर तेही गप्प होतात. काय करावे?

उत्तर : ताई, रागावण्याने हसू थांबेल, पण तिची भीती जाणार नाही. चित्र दाखवून त्याला पावरीत काय म्हणतात हे तिलाच विचारा, तो शब्द फळ्यावर लिहा आणि सगळ्यांकडून म्हणवून घ्या. मुले अडखळतील, तेव्हा ती त्यांना सावकाश सांगेल. माझ्या वर्गात हे घडताना मी पाहिले आहे.

आणखी एक उत्तर : मला येथे बालशिक्षणात काम केलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवतात. १९४५ साली आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी गावात त्यांचे काम सुरू झाल्यावर आदिवासी मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसले, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. मुलाला दोष न देता आपली पद्धत बदलणे, हे मला फार मोलाचे वाटते.

प्रश्नकर्ती : मनापासून आभार. काल ‘पाणी’ या शब्दापासून सुरुवात केली. तिने पावरी शब्द आधी कुजबुजत सांगितला, दुसऱ्यांदा मोठ्याने. पाटी बाहेरच होती.