शब्दचर्चा: ‘फ्लेकी टेस्ट’ला काय म्हणावं?

प्रश्न: वेब ॲप्लिकेशनच्या ऑटोमेटेड टेस्टिंगवर मराठीत टिपणं लिहितोय. कोड तोच, टेस्ट तीच, तरी एकदा पास आणि एकदा फेल. अशा फ्लेकी टेस्टला ‘लहरी’ म्हटलं तर चालेल? की ‘चंचल’? आणि डिझाइन पॅटर्न (नेहमीच्या अडचणीसाठी कोड रचण्याची ठरलेली पद्धत) म्हणजे साचा की आकृतिबंध?

प्रतिसाद: चंचल लक्ष्मी असते, मन असतं, टेस्ट नको. ‘लहरी’ ऐकायला झकास, पण लहरीला कारण लागत नाही. इथे कारण हमखास असतं, फक्त सापडलेलं नसतं. पान तयार व्हायच्या आत बटण दाबलेलं असतं, नाहीतर आधीच्या टेस्टचा उरलेला डेटा आडवा येतो. मी ‘बेभरवशाची’ म्हणेन. प्लेराइट या ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या टेस्टिंग साधनाच्या अहवालात रिट्रायनंतर, म्हणजे फेल झाल्यावर पुन्हा चालवून, पास झालेली टेस्ट वेगळी दाखवतात, तिथेही हा शब्द बसतो.

दुसरा प्रतिसाद: ‘बेभरवशाची’ला अनुमोदन. पण टिपणात त्याहून महत्त्वाचा भेद पाळा: थांबणं आणि वाट पाहणं. स्लीप, म्हणजे टेस्टला ठरावीक वेळ थांबवणारी आज्ञा, हे नुसतं थांबणं. पाच सेकंद म्हणजे पाच. पान अर्ध्या सेकंदात आलं तर साडेचार वाया, सहाव्या सेकंदाला आलं तर टेस्ट फेल. वाट मात्र कशाची तरी पाहावी लागते. ते ‘कशाची’ नसेल तर वाक्य अर्धवट राहतं. सेलेनियम या तशाच साधनातला एक्स्प्लिसिट वेट नेमका हाच आहे. अट लिहायची, ती पुरी झाली की लगेच पुढे, मुदत संपली की फेल. प्लेराइट तर क्लिक करण्याआधी पानावरचा घटक (बटण वगैरे) दिसतोय का, हलायचा थांबलाय का, डिसेबल तर नाही ना, वर दुसरं काही आलंय का, हे आपणहून तपासतो. स्लीपलाही ‘प्रतीक्षा’ म्हणणारी भाषांतरं मला म्हणूनच खटकतात.

प्रश्नकर्ता: मग इम्प्लिसिट वेट?

दुसरा प्रतिसाद: ‘सरसकट वाट’. घटक शोधताना दर वेळी ती लागू होते. घटक डॉममध्ये (ब्राउझरने मांडलेल्या पानाच्या रचनेत) सापडला की तिचं काम झालं, तो दाबता येतो का याच्याशी तिला देणंघेणं नाही. दोन्ही वेट एकत्र वापरू नका, असा इशारा सेलेनियमच्या माहितीपुस्तिकेतच आहे. मुदती एकमेकींत गुंततात आणि टेस्ट किती वेळ अडकेल ते सांगता येत नाही.

तिसरा प्रतिसाद: पॅटर्नचं राहिलंच. साच्यातून तीच वस्तू पुन्हा निघते. पॅटर्न प्रत्येक ठिकाणी नव्याने लिहावा लागतो. ‘आकृतिबंध’ चुकीचा नाही, पण सरकारी कागदांत तो मंजूर पदांच्या रचनेसाठी रुळलाय. ‘रचनाबंध’ बरा. ‘पेज ऑब्जेक्ट’ या पॅटर्नचं नाव मात्र तसंच राहू द्या. ‘पृष्ठवस्तू’ म्हटलं की पानावरची एखादी वस्तू डोळ्यांपुढे येते. इथे तर पानाचे सगळे लोकेटर (घटक शोधायच्या खुणा) आणि त्यावरच्या कृती पोटात घेणारा क्लास आहे. टेस्टमध्ये फक्त ‘लॉगिन कर’ एवढंच दिसतं. उद्या बटणाचा आयडी बदलला तर दुरुस्ती एकाच जागी. असर्शन (निकाल अपेक्षेप्रमाणे आहे का हे तपासणारी विधानं) त्यात ठेवावीत का, यावर दोन मतं आहेत. सॉफ्टवेअरवर लिहिणारे मार्टिन फाउलर यांनी २०१३च्या लेखात नको म्हटलंय, मलाही ती टेस्टमध्येच बरी वाटतात.