पोस्टी, पोस्टा की पोस्ट्स?

एका दिवाळी अंकाचं मुद्रितशोधन करतेय. एकाच लेखात ‘पोस्ट्स’, ‘पोस्टी’ आणि ‘पोस्टा’ अशी तिन्ही रूपं सापडली. लेखकाला विचारलं तर म्हणाले, तुम्हाला बरं वाटेल ते ठेवा. शालेय व्याकरणात एवढंच मिळतं की अकारान्त स्त्रीलिंगी नामाचं अनेकवचन कधी आकारान्त होतं (वाट–वाटा), तर कधी ईकारान्त (भिंत–भिंती). पण कुठलं कधी? ओळखायची काही खूण आहे, की सगळं पाठच करायचं? त्याच लेखात ‘बसेस’, ‘लिंक्स’ आणि ‘व्हिडिओज’ही आहेत.

———

खूण आहे. शब्द एकवचनातच ठेवा आणि त्याला विभक्तीचा प्रत्यय लावून पाहा. जिभेला, वाटेत, विटेवर, सुनेला, चिंचेची. सामान्यरूपात ‘ए’ आला, म्हणून अनेकवचनं जिभा, वाटा, विटा, सुना, चिंचा. याउलट भिंतीवर, म्हशीचं, बहिणीला. इथे ‘ई’ आली, तर अनेकवचनातही तीच.

याचं मूळ जुनं आहे. संस्कृतात जिह्वा, इष्टका, स्नुषा, चिञ्चा हे शब्द आकारान्त, तर भित्ति, महिषी, भगिनी हे इ-ईकारान्त. मराठीत येईपर्यंत शेवटचा स्वर झिजला आणि जीभ नि भिंत वरून सारखेच दिसू लागले. प्रत्यय लागला की जुना फरक पुन्हा वर येतो.

फारसी-अरबीतून आलेल्या शब्दांना हा वंश नव्हता, तरी तेही या दोनपैकी एका रांगेत जाऊन बसले: तारखेला–तारखा, इमारतीत–इमारती. इंग्रजीतून आलेले जुने शब्दही तसेच. बँकेत–बँका, बॅगेत–बॅगा, नोटेवर–नोटा. पण फायलीत–फायली, पेन्सिलीने–पेन्सिली, मोटारीत–मोटारी.

आता ‘बस’ घ्या. बसेत? बशीत? दोन्ही नाही. आपण ‘बसमध्ये’, ‘बसने’ म्हणतो. शब्दाने सामान्यरूपच घेतलं नाही तर अनेकवचन कुठून येणार? म्हणून माणसं ‘बसेस’कडे वळतात, किंवा सरळ ‘बसगाड्या’ म्हणतात. (बशी कपाखाली आधीच बसलेली आहे, हेही एक कारण असावं.)

———

खूण चांगली आहे, पण निवडणूक घ्या. ‘निवडणुकीत’ म्हणतो, अनेकवचन मात्र ‘निवडणुका’. मिरवणुकीत–मिरवणुका. बैठकीत–बैठका. बंदुकीची गोळी, पण बंदुका. ‘चुकीचं उत्तर’ आणि ‘चुका’. म्हणजे सामान्यरूप ‘ई’चं असूनही अनेकवचन ‘आ’चं!

यातले सगळे शब्द ‘क’ने संपतात, हे लक्षात आलं का? हाक–हाका, सडक–सडका आणि तुमची बँकही त्याच घरातली, फक्त त्यांचं सामान्यरूप ‘ए’चं आहे (हाकेला, सडकेवर). तेव्हा स्त्रीलिंगी शब्दाच्या शेवटी ‘क’ दिसला की अनेकवचन बहुधा ‘आ’ धरून चालावं. ठळक अपवाद ‘लेक’चा: लेकी. या हिशेबाने ‘लिंक’चं ‘लिंका’ अगदी बिनतक्रार आहे. मी लिहितो.

———

मी गोव्याची, म्हणून एक भर. कोंकणीतही याच दोन रांगा आहेत, फक्त पहिलीचा स्वर वेगळा: वाट–वाटो, जीब–जिबो. दुसरी तुमच्यासारखीच, म्हस–म्हशी. शाळेत मराठी शिकताना मला त्यामुळे कधी अडलं नाही. ‘ओ’च्या जागी ‘आ’ घातला की काम भागायचं.

———

‘व्हिडिओज’बद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. मला हा ‘ज’ सर्वांत जास्त खुपतो. व्हिडिओ, फोटो, ट्रक, मोबाइल हे मराठीत पुल्लिंगी वापरले जातात, आणि आकारान्त सोडले तर पुल्लिंगी शब्दांचं रूप अनेकवचनात बदलतच नाही. एक दगड, दहा दगड. एक लाडू, दहा लाडू. वचन कळतं ते शेजारच्या शब्दांवरून: ‘मोठा दगड पडला’, ‘मोठे दगड पडले’. प्रत्यय लागला तर अनुस्वार सांगतो: दगडाला, दगडांना. मग ‘त्याने तीन व्हिडिओ टाकले’ यात काय कमी पडलं? ‘व्हिडिओजना’ म्हणणारे तर अनेकवचनावर पुन्हा अनेकवचन चढवतात.

नपुंसकलिंगी शब्दांना एवढीही अडचण नाही. तिकिटं, टेबलं, हॉटेलं आपण सहज म्हणतो. ‘ॲपं’ म्हणायला मात्र अजून जीभ वळत नाही, हे कबूल.

———

(धागाकर्ती) ‘व्हिडिओज’ आणि ‘लिंक्स’ आत्ताच कापले. पण ‘पोस्ट’चं काय? मी तरी ‘पोस्टमध्ये’, ‘पोस्टवर’च म्हणते. म्हणजे ती बसच्या रांगेत?

———

अजून तिथेच आहे, पण हलायला लागली आहे. ‘त्याच्या पोस्टीत’ हे रूप मी वाचलंय. ‘पोस्टेत’ कुठेच नाही. ‘पोस्टात’ म्हटलं की लोक तिकिटं आणायला जातील, कारण ते नपुंसकलिंगी पोस्ट, टपाल कचेरी. माझा तर्क असा की ‘गोष्ट’ने तिला आपल्याकडे ओढलं. गोष्टीत–गोष्टी, तसं पोस्टीत–पोस्टी. उच्चारात दोन्ही इतके जवळ आहेत की कान तिकडेच जाणार. ‘पोस्टा’ म्हणणाऱ्यांच्या डोक्यात बहुधा नोटा असाव्यात.

मी ‘पोस्टी’ ठेवलं असतं. ‘बसेस’ मात्र संदर्भ बघून. ‘चार बस सुटल्या’ यात क्रियापदानेच काम होतं. पण ‘बस उशिरा येतात’ असं नुसतं लिहिलं तर वाचणाऱ्याला क्रियापदापर्यंत वचन कळत नाही. तिथे ‘गाड्या’ घालून मोकळं व्हावं.

———

(धागाकर्ती) ‘पोस्टी’ कायम केलं. बसच्या जागी ‘एसटीच्या गाड्या’ टाकल्या. लेखात त्या एसटीच्याच होत्या. तेवढ्यात पुढच्या पानावर ‘मीटिंगा’ दिसल्या. ‘मीटिंगेत’ कुणी म्हणत नाही, तरी ‘मीटिंगा’ सगळेच म्हणतात. म्हणजे सामान्यरूप न घेताच अनेकवचन घेणारी ही एक निघाली. राहू दिल्या.