कॉकपिटच्या दाराआडचे निर्णय : वैमानिक, क्रू आणि विमानतळावरच्या मंडळींचे अनुभव

धागाकर्ता (कॅप्टन, एअरबस ए३२० विमान, मुंबई बेस)

पावसाळ्यात मुंबईवर घिरट्या घालणाऱ्या विमानात बसून 'हे लोक उतरवत का नाहीत?' असं ज्यांना कधी वाटलं असेल, त्यांच्यासाठी हा धागा. वैमानिकांविषयी गप्पा निघाल्या की त्या पगार, गणवेश आणि 'सगळं ऑटोपायलटच करतो ना?' इथेच फिरतात. आमचं काम मुख्यतः निर्णयांचं आहे. त्यातले बरेचसे प्रवाशाला उशीर, धक्का किंवा गैरसोय म्हणूनच दिसतात. ते का घेतले जातात, हे घेणाऱ्यांनीच सांगितलेलं बरं. केबिन क्रू, इंजिनिअर, एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रक) आणि घरी वाट बघणारेही, सगळ्यांनी लिहितं व्हा. कंपन्यांची आणि सहकाऱ्यांची नावं टाळूया.

मी लँडिंगपासून सुरुवात करतो. 'आज आपटलं हो विमान' हे वाक्य उतरणाऱ्या प्रवाशांकडून पावसाळ्यात हमखास कानावर येतं. ओल्या धावपट्टीवर आम्ही विमान मुद्दाम ठामपणे टेकवतो. टायर आणि धावपट्टी यांच्यात पाण्याचा थर राहिला तर चाकं त्या पाण्यावरून घसरत जातात आणि ब्रेकला पकड मिळत नाही. याला ॲक्वाप्लेनिंग म्हणतात. ते कोणत्या वेगाला सुरू होतं याचा एक ढोबळ हिशेब आहे : टायरमधल्या दाबाचं (पीएसआयमध्ये) वर्गमूळ काढायचं आणि त्याला नऊने गुणायचं. दाब २०० असेल तर उत्तर येतं सुमारे १२७ नॉट (ताशी साधारण २३५ किलोमीटर). आम्ही टेकतो साधारण १३० ते १४० नॉटला, म्हणजे धोक्याच्या अगदी शेजारी. त्यामुळे चाकांनी तो थर फोडून ताबडतोब जमीन धरायला हवी. शिवाय चाकांचे पाय (लँडिंग गिअर) दबले आणि चाकं फिरली की मगच पंखांवरचे स्पॉइलर (पंखांची उचल मोडणाऱ्या झडपा) उघडतात आणि विमानाचं वजन चाकांवर येतं. अलगद टेकवायच्या मोहात विमान तरंगत ठेवलं, तर तेवढी धावपट्टी मागे पडते. मुंबईची मुख्य धावपट्टी जवळपास साडेतीन किलोमीटर आहे, पुण्याची अडीचच्या आसपास. पुण्यात पावसात तो मोह परवडत नाही.

दुसरी गोष्ट गो-अराउंडची. ढगातून येताना १,००० फुटांवर वेग, उतरण्याचा दर, दिशा, फ्लॅप (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या) हे सगळं जागच्या जागी नसेल तर परत वर जायचं, असा नियम आहे. प्रवासी घाबरतात, कारण इंजिन एकदम गरजतं आणि नाक वर उचललं जातं. आमच्या दृष्टीने तो सगळ्यात सरळ निर्णय आहे. त्याबद्दल वैमानिकाला जाब विचारू नये असं धोरण असतं आणि माझ्या मते या व्यवसायातल्या सर्वोत्तम गोष्टींपैकी ती एक आहे.

आणि इंधन. मुक्कामापर्यंतचं, त्यावर साधारण पाच टक्के, पर्यायी विमानतळापर्यंतचं आणि शेवटी अर्ध्या तासाचं राखीव, ज्याला हात लावायची वेळ येऊ द्यायची नसते. जुलैमध्ये मुंबईला येताना मी यावर आणखी घेतो. तरीही मुंबई बंद झाली की सगळेच अहमदाबाद, गोवा, हैदराबादकडे वळतात आणि तिथली पार्किंगची जागा भरते. म्हणून निघायचं असेल तर लवकर निघावं लागतं. 'अजून दहा मिनिटं थांबला असता तर उतरला असता' असं नंतर लोक म्हणतात. त्या दहा मिनिटांत अहमदाबादची जागा गेली असती, हे त्यांना दिसत नाही.

फर्स्ट ऑफिसर, पुणे

कॅप्टनसाहेबांनी सुरुवात केलीच आहे, तर उजवीकडच्या सीटबद्दल मी लिहिते. 'को-पायलट म्हणजे मदतनीस' हा समज आमच्या घरातही होता. एका फेरीत एक जण विमान उडवतो आणि दुसरा लक्ष ठेवतो, पुढच्या फेरीत अदलाबदल. लक्ष ठेवणाऱ्याचं काम गप्प बसण्याचं नाही. वेग पाच-दहा नॉटने भरकटला तरी तोंडाने सांगायचं, समोरचा कितीही ज्येष्ठ असो. १०,००० फुटांखाली तर आम्ही कामाशिवाय एक शब्द बोलत नाही.

टेकऑफला मी विमान उडवत असले तरी थ्रस्ट लिव्हरवर (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणाऱ्या दांडीवर) हात कॅप्टनचा असतो, कारण थांबायचं की नाही हे तेच ठरवतात. 'व्ही-वन' (म्हणजे थांबण्याच्या निर्णयाचा शेवटचा वेग गाठला) अशी हाक आली की ते हात काढून घेतात. त्यानंतर एक इंजिन गेलं तरी उडायचंच, थांबायला धावपट्टी उरलेली नसते. सिम्युलेटरमध्ये नेमकं त्याच क्षणी इंजिन बंद पाडतात, दर सहा महिन्यांनी. तरीही प्रत्येक टेकऑफला तो हात उचलला जाताना मी जास्त सावध होते.

घरगुती गोष्ट सांगते. ड्यूटीआधी आमची ब्रेथ ॲनलायझर चाचणी होते आणि तिथे शून्य म्हणजे शून्यच लागतं. पहिल्यांदा सापडलं तरी लायसन्स तीन महिने निलंबित. अल्कोहोल असलेला माउथवॉशसुद्धा वापरायचा नाही, असं २०२३ पासून नियमातच लिहिलं आहे. आमच्या आजीचा सर्दीवरचा भरवशाचा उपाय म्हणजे होमिओपॅथीच्या गोळ्या आणि त्यांच्यात असतं अल्कोहोल. तिला हे समजावल्यापासून ती प्रत्येक डॉक्टरला आधी बजावते, 'आमची नात विमान चालवते, तिला चालेल तेच द्या.'

बायका विमान चालवतात याचं नवल वाटणाऱ्यांसाठी : १९८५ मध्ये कोलकाता-सिल्चर मार्गावर फोकर फ्रेंडशिप विमानाचं सर्व-महिला क्रूचं उड्डाण झालं, त्याच्या कॅप्टन होत्या सौदामिनी देशमुख. त्या वेळी माझा जन्मही झाला नव्हता. मला ही वाट तयार मिळाली, याची जाणीव मला आहे.

केबिन सुपरवायझर, डोंबिवली

पहाटेच्या उड्डाणाला रात्री दीडला उठायचं, अडीचला कॅब दाराशी. आमच्या सोसायटीच्या वॉचमनला माझा रोस्टर माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त पाठ आहे.

लोकांना आम्ही चहा-सँडविच देताना दिसतो. पन्नास सीटमागे एक क्रू असा नियम आहे, म्हणून ए३२० वर आम्ही चौघी असतो. ही संख्या प्रसंग आला तर विमान रिकामं करण्यासाठी ठरवलेली आहे. प्रमाणपत्र मिळण्याआधी विमान निम्म्या दारांतून ९० सेकंदांत रिकामं करून दाखवावं लागतं. टेकऑफ-लँडिंगच्या वेळी आम्ही जंपसीटवर गप्प बसलेल्या दिसतो ना, तेव्हा डोक्यात उजळणी चालू असते : माझं दार कोणतं, ते उघडतं कसं, बाहेर आग दिसली तर लोकांना कुठे वळवायचं, पुढच्या रांगांत मदत कोण करू शकेल. खिडकीच्या शेड वर करायला लावतो त्या बाहेरचं दिसावं म्हणून. रात्री दिवे मंद करतो ते डोळ्यांना अंधाराची सवय राहावी म्हणून. 'झोपू द्या की हो' असं म्हणणारे काका-काकू रोज भेटतात. त्यांना समजावते आणि तरीही शेड वर करूनच पुढे जाते.

ऑक्सिजन मास्क आधी स्वतःला, मग मुलाला, हे आयांना पटत नाही. ३५,००० फुटांवर हवेचा दाब गेला तर भानावर राहायला अर्धा ते एक मिनिट मिळतं. आधी मुलाला लावायला गेलात आणि तो रडून हात झटकत राहिला, तर दोघंही जाल. मास्कमधला ऑक्सिजन बारा-पंधरा मिनिटंच पुरतो. तेवढ्यात वैमानिक विमान १०,००० फुटांपर्यंत खाली आणतात, तिथे साध्या हवेत श्वास घेता येतो.

एक वाचक

फार छान माहिती. एक शंका. मे महिन्यात विमान उभं असताना आत भट्टी झालेली असते, एसी नीट चालत नाही आणि विचारलं तर 'उडाल्यावर थंड होईल' म्हणतात. असं विमान चालवतातच कशाला?

विमान देखभाल अभियंता (एएमई), रात्रपाळी, मुंबई

वरच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या खात्यातलं. शेपटीत एक छोटं इंजिन असतं, एपीयू. विमान उभं असताना वीज आणि एसीची हवा त्यातून मिळते. ते बंद पडलं असेल तर जमिनीवर बाहेरच्या यंत्रावर भागवावं लागतं आणि ते मे महिन्यात अपुरं पडतं. मुख्य इंजिनं सुरू झाली की थंडावा येतो. एपीयूशिवाय उडायला परवानगी आहे, पण अटींवर. कोणती वस्तू नादुरुस्त असताना, कोणत्या अटींवर आणि किती दिवस उडता येईल, याचं जाडजूड पुस्तक असतं, एमईएल. बी वर्गातला दोष ३ दिवसांत दुरुस्त करायचा, सी वर्गातला १० दिवसांत, डी वर्गातला १२० दिवसांत. मुदत संपली की विमान उभं. गैरसोय आणि धोका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमचं सगळं शिक्षण त्या वेगळ्या ओळखण्याचं आहे.

उलटही होतं. प्रवासी बसले, दारं लागली आणि विमान जागचं हलत नाही. अशा वेळी अनेकदा ब्रेक थंड व्हायची वाट बघत असतात. लागोपाठच्या छोट्या फेऱ्यांत ते तापतच राहतात. ए३२० ला ब्रेक ३०० अंश सेल्सिअसच्या वर असतील तर टेकऑफ नाही, थंड करणारे पंखे चालू असतील तर मर्यादा १५० ची. तापलेले ब्रेक चाकांबरोबर पोटात ओढून घेतले आणि तिथे हायड्रॉलिक तेल गळत असेल, तर आग लागू शकते. त्या दहा मिनिटांसाठी कॅप्टनला शिव्या बसतात. सही मी केलेली असते आणि ती मी दबावाखाली कधीही करणार नाही.

निवृत्त हवाई वाहतूक नियंत्रक, विलेपार्ले

मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. एका धावपट्टीवर तासाला ४६ च्या आसपास उतरणं-उडणं बसवायचं, म्हणजे दोन उतरणाऱ्यांच्या फटीत एक उडणारा सोडायचा. पुढे मोठं ट्रिपल सेव्हन (बोइंग ७७७) असेल तर मागच्या ए३२० ला पाच सागरी मैल अंतर द्यावं लागतं, नाहीतर पुढच्याने मागे सोडलेल्या हवेच्या भोवऱ्यात तो सापडतो. तेवढ्यात एखादा पक्षी दिसला, कुणी धावपट्टीवरून बाहेर पडायला दहा सेकंद जास्त घेतले, की मागच्याला गो-अराउंड. वैमानिक 'गोइंग अराउंड' म्हणाला की आम्ही आधी जागा देतो, कारण नंतर विचारतो.

जुहूचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. सांताक्रूझच्या मुख्य विमानतळापासून काही किलोमीटरवर जवळपास त्याच दिशेची ती छोटी धावपट्टी. सप्टेंबर १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-८ चुकून तिथे उतरलं आणि धावपट्टी ओलांडून पुढे गेलं. सुदैवाने कोणी दगावलं नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा वरिष्ठांनी सगळ्यात आधी हीच हकीकत सांगितली होती.

कॅप्टन, दिल्ली बेस (मूळ सांगली)

लेहबद्दल थोडक्यात. विमानतळ १०,६८२ फुटांवर. विरळ हवेत इंजिनाची ताकद कमी आणि तोच दाखवलेला वेग जमिनीवर प्रत्यक्षात बराच जास्त. दरीच्या एका तोंडाने उतरायचं आणि त्याच तोंडाने बाहेर पडायचं. उतरवतो तो त्यासाठी खास प्रशिक्षण घेतलेला कॅप्टनच. दुपारी हवा तापते, वारे सुटतात, म्हणून नेहमीची विमानं सकाळीच. सुपरवायझरताई म्हणाल्या तसं १०,००० फुटांपर्यंत खाली यायची सोय तिथे नाही, खाली डोंगर आहेत. म्हणून कुठे बिघडलं तर कोणत्या दरीतून निसटायचं, हे आधीच ठरलेलं असतं. सकाळी वारा मर्यादेबाहेर असेल तर लेह वरून बघून दिल्लीला परत. मी तसा परतलोय आणि पर्यटक चिडलेही आहेत.

क्रूमधल्या मुलीची आई, बदलापूर

मला तांत्रिक काही कळत नाही, पण धागाकर्त्यांनी घरच्यांनाही लिहा म्हटलंय म्हणून लिहिते. आमच्याकडे दिवाळी रोस्टर देईल त्या दिवशी असते. फराळ करून ठेवते, लेक आली की भाऊबीज.

१२ जून २०२५ ला अहमदाबादचं विमान पडलं, तेव्हा ती दिल्लीला मुक्कामी होती. मला ते माहीत होतं. तरी तिचा आवाज ऐकेपर्यंत मी जागची उठले नाही. त्या विमानातले बरेच क्रू आमच्याच पट्ट्यातले, डोंबिवली, बदलापूर, पनवेलचे. तिच्या बॅचमधल्या मुली आठवडाभर एकमेकींना फोन करत होत्या. तिसऱ्या दिवशी तिची ड्यूटी होती. 'नको जाऊस' हे माझ्या तोंडावर आलं होतं. ती केस बांधत म्हणाली, 'आई, आज प्रवासी जास्त घाबरलेले असणार, आज तर जायलाच हवं.' मी डबा भरून दिला.

धागाकर्ता

काकू, तुमच्या लेकीला आमचा सगळ्यांचा नमस्कार सांगा. त्या आठवड्यात प्रत्येक उड्डाणाआधी आम्ही एकमेकांशी नेहमीपेक्षा जास्त वेळ बोलत होतो.

विश्रांतीबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. नवे ड्यूटी नियम २०२४ मध्ये जाहीर झाले आणि २०२५ मध्ये दोन टप्प्यांत लागू झाले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली, रात्रीच्या लँडिंगवर कडक मर्यादा आली. त्या डिसेंबरात नव्या नियमांनुसार वैमानिक कमी पडून देशभर हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा 'पायलटांचे फार लाड' असा सूर लागला. पहाटे दोन ते सहा शरीर झोपच मागतं, वय आणि अनुभव काहीही असो. सलग तिसऱ्या रात्री पहाटे चारला विमान उतरवताना डोळे उघडे असतात, पण आकडा वाचून तो कळायला एक क्षण जास्त लागतो. तो क्षण मला माझ्या प्रवाशांच्या वाट्याला येऊ द्यायचा नाही. म्हणून या नियमांसाठी मी भांडत राहीन.

अकरावीतला विद्यार्थी, सातारा

मला वैमानिक व्हायचंय. बाबा म्हणतात पन्नास लाखांच्या वर खर्च आहे, आधी चौकशी कर. कुठून सुरुवात करू?

फर्स्ट ऑफिसर, पुणे

बाबांचं बरोबर आहे. बारावीला फिजिक्स आणि गणित हवंच. पण कुठेही एक रुपया भरण्याआधी मेडिकल करून घे. आधी डीजीसीएच्या (विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या) यादीतल्या डॉक्टरकडे क्लास टू, मग क्लास वन. रंग ओळखण्यात किंवा हृदयाच्या तपासणीत काही निघालं तर ते फी भरण्याआधी कळलेलं बरं. मग लेखी परीक्षा : नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकल. त्या घरी अभ्यास करून देता येतात. त्यानंतर उड्डाणाचे २०० तास. त्यासाठी बारामती, गोंदिया, शिरपूर इथे संस्था आहेत. प्रत्यक्ष जाऊन बघ, किती विमानं उडण्याच्या स्थितीत आहेत ते मोज आणि तिथल्या मुलांना विचार की तास पूर्ण व्हायला किती महिने लागताहेत. जाहिरातीवर जाऊ नकोस. लायसन्स मिळाल्यावर टाइप रेटिंगचा (ठरावीक प्रकारच्या विमानाच्या प्रशिक्षणाचा) खर्च वेगळा, आणि नोकरीसाठी वर्ष-दोन वर्षं थांबावं लागू शकतं, त्याची तयारी बाबांशी आत्ताच बोलून ठेव.

मेडिकलचे कागद हातात आले की इथेच लिही. मेटिऑरॉलॉजीच्या माझ्या वह्या अजून जपून ठेवल्यात, त्या तुला पाठवते.