मूल दोन्ही घरी निम्मा-निम्मा वेळ राहत असलं, तरी खर्चाचे पैसे द्यावेच लागतात

चांदणवेल:
वेगळं झाल्यावर मुलाचा ताबा दोघांकडे राहिला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "पोर अर्धा महिना इकडे, अर्धा महिना तिकडे, मग देणं-घेणं कसलं?" हे गणित साफ चुकीचं आहे, आणि त्याचा भुर्दंड मुलाला पडतो.

साधे आकडे घेऊ. दोघांच्या मिळून होणाऱ्या उत्पन्नात एकाचा वाटा 70 टक्के, दुसऱ्याचा 30. मूल एकाच घरी राहिलं तर त्याचा महिन्याचा खर्च 100 धरा. घरं दोन झाली की तो 100 राहत नाही. पलंग दोन, अभ्यासाची टेबलं दोन, कपडे दोन्हीकडे, जागाही दोन्हीकडे. म्हणूनच अमेरिकेतल्या अनेक राज्यांत सामाईक ताबा असेल तर मूळ खर्चाला दीडने गुणतात. झाले 150. वेळ सारखा, म्हणजे प्रत्येक घरात 75 खर्च होणार. पण कमाईच्या प्रमाणात पहिल्यावर 105 ची जबाबदारी येते, दुसऱ्यावर 45 ची. तेव्हा पहिल्याने दुसऱ्याला 30 द्यायचे.

ताबा एकाकडेच असता तर याच माणसाला 70 द्यावे लागले असते. म्हणजे मुलाला सांभाळतो त्याची वजावट त्याला मिळालेली आहेच. उरलेले 30 सुद्धा नाकारले, तर 30 टक्के कमावणाऱ्याने अर्धा खर्च पेलायचा. तो पेलवत नाही, आणि मग एका घरी मुलाला स्वतःची खोली असते, दुसऱ्या घरी कोपऱ्यात गादी.

कोरापान:
पूर्णपणे असहमत. मी बाप आहे आणि देणाऱ्याच्या बाजूला आहे, त्यामुळे दुसरी बाजूही ऐका.

दीडपट खर्च हा अंदाज आहे. प्रत्यक्षात शाळेची फी, दप्तर, चष्मा, दातांचा डॉक्टर हे बहुतेक वेळा जास्त कमावणाराच थेट भरतो, आणि ते तुमच्या 75 मध्ये कुठेच दिसत नाही. वर 30 द्यायचे म्हणजे एकाच गोष्टीचे दोनदा पैसे. ब्रिटनमध्ये सरकारी हिशोबात दोघंही मुलाची रोजची देखभाल सारखीच करत असतील, तर कुणीच कुणाला काही देत नाही. दोघं सारखेच पालक, हा त्यामागचा विचार मला पटतो.

चांदणवेल:
ब्रिटनचा नियम अर्ध्यावर सोडू नका. तिथे घेणाऱ्याचं उत्पन्न हिशोबात धरतच नाहीत. देणाऱ्याचं धरतात आणि मूल त्याच्याकडे वर्षाला किती रात्री राहतं ते मोजतात. 52 ते 103 रात्रींना रक्कम एक सप्तमांशाने कमी, 104 ते 155 ला दोन सप्तमांशाने. म्हणजे 103 आणि 104 यांतल्या एका रात्रीवर वर्षभराचा आकडा हलतो. आणि देखभाल समसमान ठरली की सगळंच शून्य, मग एकाची कमाई दुसऱ्याच्या पाचपट का असेना. याला मी न्याय म्हणणार नाही.

तिठा:
कौटुंबिक वादांत समुपदेशन करते, म्हणून लिहिते. माझी तक्रार तुम्हा दोघांपेक्षा वेगळी आहे. पैसे रात्रींना बांधले की भांडण रात्रींवर येतं.

कॅनडात सामाईक ताब्याचा नियम लागू व्हायला वर्षातला किमान 40 टक्के वेळ लागतो, म्हणजे 146 दिवस. मग शाळेतले तास कुणाचे? आजीकडे काढलेला शनिवार कुणाचा? सुट्टीच्या आदल्या रात्री झोपलेलं मूल खांद्यावर टाकून नेणारे पालक मी पाहिले आहेत. सकाळी नेलं असतं तर ती रात्र दुसऱ्याच्या खात्यात गेली असती. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये स्पष्ट केलं की 40 टक्के ओलांडले म्हणून रक्कम आपोआप घटत नाही. दोन्ही घरांचा खरा वाढीव खर्च आणि दोघांची ऐपत बघावी लागते. मला ही दिशा योग्य वाटते.

ऑस्ट्रेलियाची पद्धतही बघा. तिथे 35 टक्के वेळ सांभाळणाऱ्याने 25 टक्के खर्च उचलला असं धरतात, पुढे प्रत्येक टक्क्याला 2 वाढतात, आणि 48 ते 52 मध्ये थेट निम्मा. चढ हळूहळू आहे, त्यामुळे एका रात्रीसाठी जिवावर उठावं असं काही उरत नाही.

कोरापान:
तिथेही 14 टक्क्यांच्या खाली काहीच धरत नाहीत आणि 14 झाले की एकदम 24 टक्के. म्हणजे आठवड्याला एक रात्र. तो कडा नाही तर काय?

तिठा:
आहे, खालच्या टोकाला आहे. पण तुमचा वाद निम्म्या-निम्म्या ताब्याचा आहे, आणि तिथे तो कडा आड येत नाही.

पाणंद:
भारतात असं टक्क्यांचं कोष्टकच नाही, न्यायालय प्रकरण बघून ठरवतं. 2020 पासून पोटगीच्या प्रकरणांत दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. आणि 2000 सालच्या एका निकालात बापाचा पगार आईच्या साधारण दुप्पट होता, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने मुलांचा खर्च 2 : 1 वाटून दिला. मिळवती आई आहे म्हणून बाप सुटला नाही, आणि आईही सुटली नाही. चांदणवेल यांचं सूत्र यापेक्षा वेगळं काही सांगत नाही.

चांदणवेल:
कोरापान, तुमच्या फीच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. फी, औषधपाणी, चष्मा हे महिन्याच्या रकमेत कोंबूच नयेत. बिल येईल तसं 70 : 30 ने वाटावं, मूल त्या दिवशी कुणाकडेही असो. तुम्ही आधी सगळं भरलं असेल तर 30 टक्के परत मागा, तो तुमचा हक्क आहे. पण फी भरता म्हणून दुसऱ्या घरातलं जेवणखाण आणि भाडं तुमच्या हिशोबातून बाहेर जात नाही.

कोरापान:
बिलांची वाटणी मान्य. महिन्याच्या रकमेबद्दल माझी भीती वेगळीच आहे. नोकरी जाते, पगार कापला जातो, तरी कागदावरचा जुना आकडा चालूच राहतो. बदलून घ्यायला पुन्हा अर्ज, पुन्हा तारखा, आणि तोवर थकबाकी चढते. दरवर्षी ठरलेल्या महिन्यात दोघांनी उत्पन्नाचे कागद समोर ठेवायचे, हे करारातच लिहिलं असेल तर मी 30 वर बोलायला तयार आहे. ते नसेल तर नाही.

चांदणवेल:
लिहा की. फक्त पगार वाढला तरी तोच कागद समोर यायला हवा, आणि हे दोघांनाही लागू. माझाही पगार त्यात आला.