मल्टिलिनिअर मॅप: २ पट की ४ पट? (अर्जंट)

बॅकलॉगवीर: उद्या इंटर्नल आहे. लिनिअर मॅप (आत २ पट टाकलं की बाहेर २ पट, बेरीज टाकली की बेरीज) येतात मला. पण मल्टिलिनिअर फ(२क, २ख) असेल तर २ बाहेर काढून २फ(क, ख) यायला हवं ना? नोट्समध्ये ४ पट दिलंय. नोट्स चुकल्यात का? लवकर सांगा.

खडूफळा: फ कुठला? कितव्या वर्षाला आहेस?

बॅकलॉगवीर: टीवायला. फ म्हणजे साधा गुणाकार हो, क गुणिले ख.

शून्यलब्धी: आधी टेन्सर प्रॉडक्ट कर, म्हणजे दोन्ही स्पेस मिळून एकच मोठी स्पेस. मग प्रत्येक मल्टिलिनिअर मॅप हा त्यावरचा लिनिअर मॅपच होतो, भानगडच मिटते.

खडूफळा: अहो, पोराची उद्या परीक्षा आहे! हे बघ, मल्टिलिनिअर म्हणजे एका वेळी एकच घर (क किंवा ख ची जागा) हलवायचं, बाकीची धरून ठेवायची, आणि तेवढ्यापुरतं ते लिनिअर असायला हवं. पहिल्या घरातून २ बाहेर आला, दुसऱ्यातूनही आला, झाले ४. तीन घरं असती तर ८. नोट्स बरोबर आहेत. आता क + ख घे. (क, ख) ही जोडी एकच इनपुट धरली तर ती लिनिअर आहे, पण बायलिनिअर, म्हणजे दोन घरांची मल्टिलिनिअर, नाही. ख = ३ धर. क = १ ला ४ येतात. क दुप्पट केला की ८ यायला हवेत, येतात ५.

तात्या_५८: दहावीचा निश्चयक विसरलात वाटतं! एक ओळ दुप्पट केली की किंमत दुप्पट. ३ × ३ मधले सगळे आकडे दुप्पट केले की ८ पट. आमच्या वेळी तोंडपाठ असायचं.

शून्यलब्धी: दहावीला २ × २ च असतो, तात्या. आणि तोंडपाठ करूनच पोरं दोन मॅट्रिक्सच्या बेरजेचा निश्चयक काढताना निश्चयकांची बेरीज करून मोकळी होतात.

तात्या_५८: मग २ × २ ला ४ पट. मुद्दा तोच ना?

कोडकरी: हे सगळं सोड, पायथॉन शीक. नोकरी लागेल.

बॅकलॉगवीर: पायथॉन कोणी विचारलं? आर-टू (दोन आकड्यांचे व्हेक्टर) आणि आर-थ्री (तीन आकड्यांचे) यांवरचा बायलिनिअर मॅप ठरवायला किती संख्या लागतात? माझ्या ५ येतायत, २ + ३.

खडूफळा: ५ लागतात जोडीवरच्या लिनिअरला. इथे पहिल्याचा प्रत्येक बेसिस व्हेक्टर (ज्यांच्यापासून बाकीचे सगळे बनतात, त्यातला) दुसऱ्याच्या प्रत्येकाशी जोडून बघावा लागतो. २ × ३ = ६.

बॅकलॉगवीर: नोट्समध्ये १२ आहे!!

खडूफळा: मॅप जातोय कुठे? आर-टूमध्ये जात असेल तर प्रत्येक जोडीमागे २ संख्या, म्हणजे १२.

बॅकलॉगवीर: आर-टूमध्येच. ते तर उघडच आहे ना.