विषय: दिवाळी निधी आणि काँगोतल्या बायका

सचिव, मंडळ:

नमस्कार मंडळी,

यंदाच्या निधीतली काही रक्कम पूर्व काँगोतल्या युद्धपीडित बायकांच्या उपचारांना द्यावी, असं सुचवते. "आपल्या निपाणी-खानापूरच्या शाळा सोडून आफ्रिकेत कशाला?" असं बैठकीत विचारलं गेलं. प्रश्न रास्त आहे. शाळांचा एक पैसाही कमी होणार नाही, ही वर्गणी वेगळी.

तिथल्या रुबायाच्या डोंगरात माणसं फावड्यांनी कोल्टान नावाचं खनिज खणतात. त्यातला टँटलम हा धातू आपल्या मोबाईलमध्ये जातो. एप्रिल 2024 मध्ये ती खाण एम23 बंडखोरांनी घेतली. त्या मालावर कर लावून ते महिन्याला सुमारे 8 लाख डॉलर कमावत होते आणि माल रवांडाच्या मालात मिसळून पुढे जात होता, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी नोंदवलंय. जानेवारी 2025 मध्ये गोमा शहर या बंडखोरांच्या हाती पडलं, फेब्रुवारीत बुकावू. बुकावूतच पान्झी हॉस्पिटल आहे, युद्धात बलात्कार झालेल्या बायकांवर तिथे ऑपरेशनं होतात. डॉ. डेनिस मुक्वेगेंनी ते 1999 मध्ये सुरू केलं, 2018 चं शांततेचं नोबेल त्यांना आणि इराकमधल्या यझिदी कार्यकर्त्या नादिया मुराद यांना मिळालं.

आपण काही ऑपरेशनांचा खर्च उचलावा का? मावशी, तुमची हयात लेबर रूममध्ये गेली. तुम्हीच सांगा.

मावशी, शहापूर, बेळगाव:

पैसे द्याच गं. पण नुसत्या ऑपरेशनला नको.

आमच्याकडे फिस्ट्युला, म्हणजे मूत्राशय आणि योनीमार्ग यांच्यामध्ये पडलेलं भोक, यायचा तो अडलेल्या बाळंतपणातून. खानापूरच्या जंगलपट्ट्यातली बाई दोन-दोन दिवस कळा देऊन यायची, बाळ गेलेलं असायचं. पुढे काही दिवसांत लघवी गळायला लागायची, ती थांबायचीच नाही. बसमध्ये शेजारी कोणी बसायचं नाही. काँगोत असंच भोक बलात्कार करून, आत हत्यारं घालून पाडतात. खाणीजवळचं गाव दहशतीनं उठावं म्हणून. हे वाचल्यापासून मला झोप नाही.

ऑपरेशन थोड्या तासांचं, खरी कसोटी नंतर. दोन-तीन आठवडे कॅथेटर. ती नळी एका रात्री तुंबली तरी शिवलेलं उसवतं, म्हणून रात्रपाळीची सिस्टर पाणी पाजत आणि पिशवी बघत फिरते. मग मूत्राशयात निळं औषध सोडायचं आणि योनीमार्गात ठेवलेले कापसाचे बोळे एकेक काढायचे. निळा निघाला की गळती आहे. बाई बोळ्याकडे बघतच नाही, आमच्या तोंडाकडे बघते.

बोळे पांढरे निघाले तरी घरचे न्यायला येतातच असं नाही. डिस्चार्जचा कागद घेऊन दारात बसलेल्या बायका मी पाहिल्यात. तिथे तर गावच उरलेलं नसतं. पान्झीत ऑपरेशनसोबत मनाचे उपचार, कोर्टासाठी वकील आणि पोटापाण्याचं शिक्षणही देतात, म्हणून मला ती जागा पटते. पैसे कशाला वापरायचे ते त्यांचं त्यांना ठरवू दे.

आणि एक. स्मरणिकेत छापायला त्या बायकांचे फोटो मागू नका. आधीच त्यांचं काही झाकलेलं राहिलेलं नाही.

खजिनदार, मंडळ:

मावशी, मीच बैठकीत शाळांचा मुद्दा काढला होता. तुमची मेल घरात सगळ्यांना वाचून दाखवली. रविवारच्या ठरावाला माझं अनुमोदन आहे. फोटोची अट नाही, ऑपरेशनची अट नाही, आणि रक्कम एकदाच न देता निदान तीन वर्षं द्यायची. पावती फक्त हिशेबापुरती मागवू. पहिली वर्गणी आमच्या घरची धरा.