अंगणवाडीचा माल मुंबईतून की गल्लीतून? (होटगीरोडवाला यांना उत्तर)

पूर्वभागकर
होटगीरोडवाला यांनी काल ठोकून दिलं की अंगणवाडीचा सगळा खाऊ एकाच मोठ्या कंपनीकडून मुंबईतून घ्यावा, बचत गट म्हणजे चोरबाजार, आणि सेविकांवर कॅमेरा लावला की काम फत्ते. प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा काढलाय.

कॅमेरा आहेच की मालक. जुलै २०२५ पासून टीएचआरचं, म्हणजे घरी न्यायच्या आहाराचं, पाकीट घ्यायला चेहरा मोबाईलला दाखवावा लागतो. आमच्याकडं आई विड्या द्यायला कारखान्यात गेलेली असते, रांगेत आजी. नोंद आईची, म्हणून आजी रिकाम्या हातानं घरी. सेविका हजेरी भरते, वजन भरते, उंची भरते, फोटो टाकते. आणि ते पाकीट कुणी बनवलं, काय दरानं घेतलं, गोदामात किती दिवस लोळलं? हे त्या मोबाईलमध्ये कुठं दिसतं ते दाखवा. तपासणी सगळी खालच्यांची. वरच्याला कोण विचारणार?

मोठी खरेदी स्वच्छ असते म्हणणाऱ्यांनी २०१५ आठवावं. १३ फेब्रुवारीला एका दिवसात २४ शासन निर्णय, २०६ कोटींची खरेदी, चिक्कीपासून चटयांपर्यंत, ई-निविदा न काढता दरकरारावर, म्हणजे आधीच ठरलेल्या दरानं. पुढं लाचलुचपत खात्यानं क्लीन चिट दिली, मान्य. पण सोलापूरसारख्या शेंगा चटणीच्या गावाला चिक्की बाहेरून आणायची, हे कुणाच्या डोक्यातनं निघालं?

माझं म्हणणं एवढंच: अंगणवाडीच्या दारावर पुरवठादाराचं नाव, दर आणि माल बनवल्याची तारीख लावा. पालकांच्या सह्या असल्याशिवाय बिल निघू देऊ नका.

होटगीरोडवाला
मी "बहुतेक गट चोरबाजार" लिहिलं होतं. "बहुतेक" तेवढं सोयीनं गाळलंत.

कागदावर दहा बाया, मागं एक शेठ, हे सोलापुरात कुणाला नवीन आहे? आमच्या नात्यातली एक बाई अशा गटाची सचिव होती. वर्षभर सह्या केल्या, डेचकं एकदाही पाहिलं नाही. आणि पालकांच्या सह्या म्हणता? त्या तर सगळ्यात स्वस्त मिळतात. मोठ्या कंपनीकडं निदान प्रयोगशाळेचा दाखला असतो, नाव असतं, कोर्टात खेचता येतं.

डाळवाला_मार्केटयार्ड
दोघंही हवेत बोलायलात. आता दुकानदाराचं ऐका.

आठ रुपये. एका पोराच्या आहाराला, एका दिवसाला, २०१७ ला ठरलेले. त्यात ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं बसवायची. तेवढ्यात डाळ आली, तेल आलं, गॅस आला. त्यानंतर तूरडाळ कुठं जाऊन आली ते मला विचारू नका, रडायला येतं.

दोन अक्का माझ्याकडनं उधारीवर माल न्यायच्या. गट खरा होता, खिचडी मी स्वतः खाल्लीय. बिल निघायला महिनोन्‌महिने. मी थांबलो, मग मलाही थांबवेना, मलाही व्यापाऱ्याला द्यायचे असतात. अक्कांनी मंगळसूत्र गहाण ठेवून माझे पैसे फेडले आणि गट सोडला. मला आजही त्यांच्यासमोर बघवत नाही. त्यांच्या जागी जो आला तो स्कॉर्पिओतनं आला. त्याला उधारी लागत नाही. म्हणजे खऱ्या गटाला बिल लटकवून मारायचं, अन् उरलेल्याकडं बोट दाखवून म्हणायचं, बघा, गट बोगस! पूर्वभागकर, तुमच्या दारावरच्या पाटीत बिल किती दिवसांत दिलं हा रकाना नाही. तो घाला, मग बोलू.

निवृत्त_मुख्यसेविका
ही चर्चा दर पाच वर्षांनी होते, म्हणून थोडी उजळणी. ऑक्टोबर २००४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत, महिला मंडळं आणि बचत गटांना काम द्या. ठेकेदारांनी काय केलं? महिला मंडळं काढली. २०१२ मध्ये कोर्टानंच नेमलेल्या आयुक्तांच्या सल्लागारांनी महाराष्ट्रातल्या याच प्रकारावर अहवाल दिला. २०१६ च्या आहाराच्या निविदेत अटीच अशा घातल्या की खरे छोटे गट दारातच अडावेत. ६,३०० कोटींचं ते काम २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं रद्द केलं. तेव्हा "कोर्टात खेचता येतं" हे खरं आहे हो, पण तोवर पोर तिसरीत जातं.

माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्या देखरेखीखालच्या अंगणवाड्यांत, शिऱ्याची पाकिटं आली, उघडली तर कुबट वास. मला गोणी उघडायचा अधिकार होता, परत पाठवायचा नव्हता. वाटप थांबवून वर कळवलं. उत्तर काय आलं? "आपल्या बीटचे वाटप शून्य का? खुलासा करावा." मालाबद्दल एक अक्षर नाही. शेवटी पाकिटं म्हशींनी खाल्ली, त्यांनीही नाराजीनंच.

जुळे_सोलापूरची_आई
तुमच्याकडं कुणी खुलासा तरी मागतं! माझी लेक जाते ती नर्सरी बंगल्याच्या पार्किंगमध्ये, वर पत्रा. एप्रिलमध्ये सोलापूरचा पत्रा म्हणजे काय ते सांगायला नको. तीस पोरांना एक बाथरूम, आणि चार-पाच दिवसांआड पाणी. फी इंजिनिअरिंगसारखी. तक्रारीला जिथं गेले तिथं "पहिलीपासनं पुढचं विचारा" म्हणाले.

होटगीरोडवाला
मग घालता कशाला तिथं? अंगणवाडीत घाला. फुकट आहे.

जुळे_सोलापूरची_आई
तुमची मुलं अंगणवाडीत होती का? नसतील तर गप्प बसा.

पूर्वभागकर
विषय खरेदीचा आहे. नर्सरीचं नंतर बोलू.

पद्मा_अशोकचौक
नंतर का? हाच विषय आहे. माझ्या आईनं विड्या वळून आम्हाला वाढवलं. घरात तेलुगू. अंगणवाडीतली मदतनीस मावशी तेलुगू बोलायची म्हणून मी तिथं टिकले, नाहीतर पहिल्याच दिवशी पळाले असते. आज त्याच गल्लीतली माझी भाची ए फॉर ॲपलसाठी रिक्षात कोंबून जाते, कारण वहिनी म्हणते, अंगणवाडीत बाई मोबाईलमध्येच असते. आणि ते खोटं नाही! पोरं समोर बसलेली, बाई चेहरा जुळेना म्हणून फोन उन्हात धरून उभी. सेविकांनी कंटाळून २०२१ मध्येच राज्यभर मोबाईल परत केले होते, ते उगाच का?

होटगीरोडवाला
आता तेलुगू अंगणवाडी, कन्नड अंगणवाडी, उर्दू अंगणवाडी. मग मराठी कुठं शिकायची, हैदराबादला?

पद्मा_अशोकचौक
होटगी रोडला विमानतळ आहे म्हणून तुम्ही आभाळातनं उतरलात का? आमच्या आज्या-पणज्यांनी या गावाची चादर विणली. मी मराठीतच लिहितेय, आणि शुद्धलेखन तुमच्यापेक्षा बरं आहे. लहान पोराशी घरच्या भाषेत बोला हे २०२० चं शैक्षणिक धोरणही सांगतं.

होटगीरोडवाला
विमानतळ मध्ये आणायची गरज नव्हती.

डाळवाला_मार्केटयार्ड
विमान आलं, बिल नाही आलं.

निवृत्त_मुख्यसेविका
जुळे सोलापूरच्या ताईंना सांगते. खासगी नर्सरीसाठी १९९६ चा राज्याचा कायदा आहे, पण तो प्रवेशापुरता, चिमुरड्यांच्या मुलाखती थांबवायला केलेला. पत्रा किती तापतो हे तो बघत नाही. शिक्षण हक्क कायद्यात सहाच्या आतल्या मुलांसाठी सरकार सोय "करू शकते" एवढंच म्हटलंय, करावीच असं नाही. २०२५ मध्ये खासगी बालवाड्यांना पोर्टलवर नोंदणी करायला सांगितलं. तुमच्या नर्सरीनं केली का ते विचारा. विचारलंत म्हणून पोरीला कोपऱ्यात बसवलं, तर मला सांगा.

जुळे_सोलापूरची_आई
विचारलं होतं. "मॅडम, प्रोसेसमध्ये आहे."

होटगीरोडवाला
मुख्यसेविकाबाईंचा म्हशींचा दाखला वाचला. पाकिटांचं समर्थन करणं अवघड आहे, हे मान्य करतो, कुणी पार्टी मागू नका. पण माल परत पाठवायचा अधिकार सेविकेला दिलात, तर गटाचा शेठ उद्या तिच्या दारात उभा राहील. तिला वाचवणार कोण? तुमच्या पालकांच्या सह्या?

पूर्वभागकर
हा प्रश्न बरोबर आहे, आणि तुमच्याकडनं आला याचं आश्चर्य वाटलं. एकट्या सेविकेला अधिकार नको मग. मुख्यसेविका, शाळेतला एखादा शिक्षक आणि दोन आया मिळून गोणी नाकारतील, नाकारल्याचा कागद त्याच दिवशी दारावर लागेल. शेठ चौघांच्या दारात उभा राहू दे.

पद्मा_अशोकचौक
त्या दोन आयांना त्या दिवशीच्या विड्यांचे पैसे कोण देणार?

डाळवाला_मार्केटयार्ड
आणि नाकारलेल्या मालाच्या बदल्यात त्याच दुपारी पोरांना काय घालणार? माझ्याकडं या, देतो. रोख.